जुन्या डिझेल गाडीचा ईजीआर बंद करावा का? माझं उत्तर 'नाही', पण आधी माझी चूक सांगतो

पोस्ट मोठी आहे. ज्यांच्याकडे आठ-दहा वर्षांपेक्षा जुनी डिझेल गाडी आहे त्यांनी तरी शेवटपर्यंत वाचा, हजार-पाचशे रुपये वाचतील. ज्यांच्याकडे गाडी नाही त्यांनीही वाचा, कारण आमच्या गाड्यांचा धूर तुम्हीच घेताय.

सुरुवात कबुलीने करतो. मी माझ्या गाडीचा ईजीआर बंद केला होता. दोन महिने तशीच गाडी चालवली. मागच्या वर्षी याच वॉलवर मी रस्त्याकडेला कचरा जाळणाऱ्यांवर लांबलचक पोस्ट लिहिली होती, तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी ती शेअर केली होती. आणि तोच मी.

झालं असं. गाडी २०१२ ची, छोटी डिझेल. ऊस हंगामाचे दिवस. पुण्याहून येताना टेंभुर्णीच्या अलीकडे उसाच्या ट्रॅक्टरला ओव्हरटेक करायला गेलो, दोन ट्रॉल्या होत्या मागे. निम्म्यात गेल्यावर गाडीनं दम सोडला. ॲक्सिलरेटर दाबतोय, गाडी उचलतच नाही. मीटरवर चेक इंजिनचा पिवळा दिवा, मागे काळाकुट्ट धूर, समोरून एसटी. बायको शेजारी, पोरगी मागे झोपलेली. कसाबसा मागे आलो. तिथून सोलापूरपर्यंत साठच्या वर गाडी गेली नाही.

दुसऱ्या दिवशी आमच्या चाचांच्या गॅरेजला. चाचा म्हणजे तीस वर्षं डिझेल इंजिनात हात घातलेला माणूस. त्यांनी स्कॅनर लावला, ईजीआरचा कोड आला. व्हॉल्व्ह खोलून दाखवला तर आत डांबर भरल्यासारखी काजळी, झडप अर्धवट उघडी राहून चिकटलेली.

चाचा म्हणाले, "साहेब, साफ करतो, पण चार-सहा महिन्यांत परत येणार तुम्ही. पत्रा मारून टाकू? कायमची कटकट मिटली. सगळे तेच करतेत."

पत्रा मारणे म्हणजे ईजीआरच्या पाइपात एक आंधळी प्लेट बसवायची. सायलेन्सरकडे जाणारा धूर परत इंजिनात यायची वाटच बंद. खर्च किरकोळ. आदल्या दिवशीची ती एसटी डोळ्यासमोरून जात नव्हती. मी म्हटलं, मारा.

आता हा ईजीआर काय आहे ते आधी नीट समजून घेऊ, कारण गॅरेजमध्ये 'कंपनीनं उगीच बसवलेली कटकट' एवढंच सांगितलं जातं.

ईजीआर म्हणजे एक्झॉस्ट गॅस रिसर्क्युलेशन. इंजिनातून बाहेर पडलेल्या धुराचा थोडा भाग परत हवेबरोबर इंजिनात सोडायचा. ऐकायला येडपटपणा वाटतो, स्वयंपाकघरातला धूर परत चुलीत सोडल्यासारखा. पण त्यामागे कारण आहे. आपण जी हवा घेतो तिच्यात सुमारे ७८ टक्के नायट्रोजन असतो. एरवी तो कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण डिझेल इंजिनाच्या सिलिंडरमध्ये जळताना तापमान दीड हजार अंशांच्या वर गेलं की हाच नायट्रोजन ऑक्सिजनला चिकटतो आणि नायट्रोजन ऑक्साइड तयार होतात. गाडीवाले त्याला नॉक्स म्हणतात. तापमान जितकं जास्त, नॉक्स तितका झपाट्यानं वाढतो.

एकदा जळून गेलेल्या धुरात ऑक्सिजन कमी असतो, तो परत नीट जळत नाही. तो थोडा आत सोडला की ज्वाला थंडावते, तापमान उतरतं, नॉक्स कमी होतो. शहरातल्या हलक्या लोडवर नीट चालणारा ईजीआर नॉक्स निम्म्यापर्यंत आणू शकतो, कधी त्याच्याही खाली.

फुकट काहीच मिळत नाही. ऑक्सिजन कमी झाला की काजळी वाढते. ती काजळी आणि इंजिनातून येणारी तेलाची वाफ एकत्र येऊन इनटेकमध्ये तो काळा चिखल जमतो. म्हणजे डिझेल इंजिनात हा कायमचा झगडा आहे: नॉक्स कमी करायला जावं तर काजळी वाढते, काजळी कमी करायला जावं तर नॉक्स वाढतो. इंजिनिअर लोक या दोन्हींच्या मधली जागा शोधतात. पत्रा मारणारा माणूस त्यातली एक बाजू कायमची सोडून देतो. बंद केलं की काजळी खरंच कमी होते, इनटेक खरंच स्वच्छ राहतं. पत्र्याच्या बाजूनं बोलणारे खोटं बोलत नाहीत, पण अर्धंच सांगतात.

आता माझ्या गाडीकडे येऊ.

पत्रा मारल्यावर धूर कमी झाला. मी खूश. आठ दिवसांत चेक इंजिनचा दिवा परत आला. चाचा म्हणाले, दिव्याकडे बघू नका. आतला कॉम्प्युटर ईजीआर उघडायची आज्ञा देतो, मग येणारी ताजी हवा कमी व्हायला पाहिजे, ती कमी होत नाही, म्हणून तो बोंब मारतो. काही जण पत्र्याला मधोमध बारीक भोक पाडून कॉम्प्युटरला फसवतात. ते नाही जमलं तर पुण्याहून लॅपटॉप घेऊन येणारे लोक आहेत, ते सॉफ्टवेअरमधूनच ईजीआर उडवून देतात. त्याचा भाव ऐकून मी दिव्यावर काळी टेप लावायचा विचार केला होता. खोटं कशाला सांगू.

मग पीयूसी संपली. सेंटरवर गेलो. सायलेन्सरमध्ये नळी घातली, चार वेळा रेस केली, कागद हातात. बीएस-४ डिझेल गाडीला धुराची मर्यादा १.६२ आहे. आधीच्या वर्षी माझी गाडी एकच्या वर होती, यंदा थेट ०.६ च्या आसपास! सेंटरवाला म्हणाला, "एवढी जुनी गाडी अन् एवढी क्लीन?" मी छाती फुगवून घरी आलो.

घरी आल्यावर डोक्यात किडा वळवळायला लागला. प्रदूषण कमी करणारा भाग मी बंद केला आणि प्रदूषणाच्या परीक्षेत मला जास्त मार्क मिळाले. हे कसं काय?

उत्तर सोपं आहे आणि तेवढंच संतापजनक. पीयूसीला डिझेल गाडीचा फक्त काळेपणा मोजतात. धुरातून प्रकाश किती आरपार जातो, बस्स. नॉक्स मोजतच नाहीत. आणि नॉक्समुळे धूर काळा होत नाही. रांगेत मागे उभ्या असलेल्या माणसाला तुमची गाडी स्वच्छ वाटते, फक्त डोळे चुरचुरतात.

या न दिसणाऱ्या धुराचं काय होतं? नॉक्समधला नायट्रोजन डायऑक्साइड श्वासनलिकेला त्रास देतो. दमा असलेल्यांना, लहान पोरांना, म्हाताऱ्यांना जास्त. दुसरं म्हणजे उन्हात त्याच्यापासून जमिनीलगतचा ओझोन तयार होतो, तोही फुप्फुसाला वाईट. आणि आपल्या सोलापूरला उन्हाचा काय तोटा आहे का? तिसरी गोष्ट बहुतेकांना माहीत नसते. हवेत गेल्यावर याच नॉक्सपासून नायट्रेटचे अतिसूक्ष्म कण बनतात, म्हणजे पीएम २.५. 'मी काजळी कमी केली' म्हणून आपण पाठ थोपटतो आणि तेच कण दुसऱ्या वाटेनं हवेत जातात.

त्या आठवड्यात पोरीला शाळेत आणायला गेलो. शाळा सुटायच्या आधी दहा मिनिटं गेटवर गाड्यांची रांग असते, एसी चालू, इंजिन चालू. घंटा झाली, पोरं बाहेर आली. पहिली-दुसरीतली पोरं गाड्यांच्या मधून वाट काढत येतात. त्यांचं नाक कुठं असतं कधी बघितलंय? आपल्या सायलेन्सरपासून हात-दीड हातावर. माझं नाक मात्र काच बंद करून एसीत. मी चावी फिरवून इंजिन बंद केलं आणि दुसऱ्या दिवशी चाचांकडे गेलो, पत्रा काढायला.

चाचा हसले. म्हणाले, "डोकं फिरलंय का साहेब? चाललेली गाडी कशाला उचकता?" पण माणूस मोठ्या मनाचा. मी म्हटलं, "चाचा, एक सांगा, ही काजळी एवढी आली कुठनं? पत्रा मारूनपण पिकअप आधीसारखं नाहीच की." हे मात्र त्यांनाही खटकलं होतं. या वेळी त्यांनी सवड काढून सगळं बघितलं.

काय सापडलं सांगतो. टर्बोकडून इंजिनाकडे जाणारा रबरी होज खालच्या बाजूनं चिरलेला, वरनं दिसतच नव्हता. त्यातून दाबाची हवा गळत होती. हवा मोजणारा सेन्सर धुळीनं माखलेला. एअर फिल्टर तर विचारूच नका, आपल्या रस्त्यांची अर्धी धूळ त्यात. म्हणजे इंजिनाला हवा कमी मिळत होती, डिझेल अर्धवट जळत होतं, काजळी बेसुमार होत होती आणि तीच काजळी ईजीआरमध्ये जाऊन बसत होती. रोग होजमध्ये होता आणि आम्ही ईजीआरला फाशी दिली. पत्र्यानं रोग बरा केला नव्हता, झाकला होता.

होज नवीन, फिल्टर नवीन, सेन्सर साफ, ईजीआर आणि इनटेक खोलून साफ, गॅस्केट नवीन, मजुरी. एकूण बिल ४,३०० रुपये. त्याला आता चौदा महिने झाले, साधारण सोळा हजार किलोमीटर. दिवा आलेला नाही. पिकअप आहे. मध्ये एकदा व्हॉल्व्ह खोलून बघितला, काजळी होती, पण कोरडी आणि पातळ थर. यंदाच्या पीयूसीला ०.८ आलं, मर्यादेच्या निम्म्यात.

आता नेहमी ऐकू येणारे मुद्दे एकेक करून घेतो. कमेंटमध्ये हेच येणार आहेत, म्हणून आधीच.

"ईजीआर बंद केला की ॲव्हरेज वाढतं." चिकटलेला, बिघडलेला ईजीआर बंद केला तर वाढतं, खरंय. पण तोच ईजीआर साफ केला तरी वाढतं. तुलना बिघडलेल्या ईजीआरशी नका करू, चालत्या ईजीआरशी करा, मग फरक किरकोळ उरतो.

"पॉवर वाढते." पूर्ण ॲक्सिलरेटर दाबला की नीट चालणारा ईजीआर आपोआप बंद होतो. पॉवर लागते तेव्हा तो मध्ये येतच नाही. तुमची पॉवर खात असेल तर तो अडकलाय, म्हणजे दुरुस्ती पाहिजे.

"इंजिनाचं आयुष्य वाढतं." इनटेक आणि ऑइल स्वच्छ राहतं हे मान्य. पण तो भाग धरून कंपनीनं इंजिनाचा कॉम्प्युटर बसवलेला असतो. तो काढला की जळण्याचं तापमान वाढतं, हलक्या लोडवर इंजिनाचा खडखडाट वाढतो. म्हणजे तिथंही देवाणघेवाणच आहे.

"माझ्या एका गाडीनं काय होणार? ट्रक बघा, जनरेटर बघा, कारखान्यांची धुराडी बघा." हा मुद्दा मला सगळ्यात जास्त चावतो, कारण मीही तो वापरलाय. त्या ट्रकवाल्यालाही विचारा, तो रेल्वेच्या इंजिनाकडे बोट दाखवेल. आणि एक फरक आहे. कारखान्याचं धुराडं उंच असतं. आपली गाडी धूर सोडते तो गल्लीत, भाजी मंडईत, शाळेच्या गेटवर, माणसाच्या नाकाच्या उंचीवर.

"कंपन्याच फसवतात, आम्हालाच शहाणपण कशाला?" हा मुद्दा बिनतोड आहे, त्यामुळे त्यावर जरा थांबतो. २०१५ च्या सप्टेंबरमध्ये फोक्सवॅगनचं प्रकरण जगभर गाजलं. गाडी टेस्टवर आहे की रस्त्यावर हे ओळखणारं सॉफ्टवेअर. टेस्टवर सगळी प्रदूषण यंत्रणा नीट चालायची, रस्त्यावर ढिली पडायची. जगभरात सुमारे १ कोटी १० लाख गाड्या. आपल्याकडे पुण्याच्या एआरएआय या संस्थेनं तपासणी केली तेव्हा त्या गाड्यांचं रस्त्यावरचं उत्सर्जन बीएस-४ मर्यादेच्या १.१ ते २.६ पट निघालं. कंपनीनं भारतात ३ लाख २३ हजारांवर गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावल्या. २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादानं ५०० कोटींचा दंड ठोठावला, पुढे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं.

तेव्हा आपण सगळे चिडलो होतो ना? 'परदेशी कंपनी आपल्या पोरांच्या फुप्फुसाशी खेळते' म्हणून? मग पत्रा मारणारा आपण वेगळं काय करतो? तेच. टेस्टला पास, रस्त्यावर नापास. फक्त त्यांनी सॉफ्टवेअर वापरलं, आपण पत्रा वापरतो.

सोलापूरकरांसाठी आणखी एक गोष्ट. बीएस-४ हे मानक सगळ्या देशात १ एप्रिल २०१७ ला लागू झालं. पण त्याच्या सात वर्षं आधी, २०१० मध्ये, ते मोजक्या मोठ्या शहरांत आलं, आणि मुंबई-पुण्याच्या बरोबरीनं त्या यादीत आपलं सोलापूर होतं. आपल्याकडे ते आधी आलं याचा अर्थ काय, तर आपली हवा तेव्हाच चिंतेच्या यादीत होती. बीएस-३ डिझेल कारला किलोमीटरमागे ०.५० ग्रॅम नॉक्सची मुभा होती, बीएस-४ ला ०.२५. बरोबर निम्मी. मग २०२० पासूनच्या बीएस-६ ला ०.०८. बीएस-४ च्या बऱ्याच छोट्या गाड्यांत नॉक्स आवरायचं मुख्य काम हा ईजीआरच करतो. तो बंद केला की आरसी बुकावर बीएस-४ लिहिलेलं राहतं, गाडी मात्र मागच्या जमान्यात जाते.

२०१९ मध्ये केंद्रानं राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम सुरू केला, त्यातही सोलापूरचं नाव आहे. पण त्याची उद्दिष्टं सगळी धूलिकणांची. रस्ते झाडायचं मशीन, कारंजी, झाडं, ठीक आहे, धूळ आपल्याकडे आहेच. नॉक्सबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही, कारण तो दिसत नाही.

कायद्याचंही सांगतो, कारण 'कोण बघतंय' हे उत्तर ठरलेलं असतं. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८२-अ प्रमाणे मालकानं गाडीत परवानगी नसलेला बदल केला तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. कुणाला झालंय का? माझ्या ओळखीत कुणालाच नाही. पकडणाऱ्याकडे बघायचं यंत्रच नाही. म्हणून मी कायद्याची भीती दाखवत नाहीये. स्वतःच्या मनाला विचारायचं काम आहे.

आता अवघड भाग. माझा थोरला भाऊ.

दादाच्या दोन टुरिस्ट गाड्या आहेत. पंढरपूर, तुळजापूर, अक्कलकोट, गाणगापूर अशा ट्रिपा. दोन्ही जुन्या डिझेल, दोन्हींना पत्रा मारलेला. मी माझी गाडी पूर्ववत केली तेव्हा मोठ्या उत्साहानं त्याला सांगायला गेलो. जेवायला बसलो होतो. तो भाकरी मोडता मोडता म्हणाला,

"तुझं बरंय रे. तुझी गाडी बंद पडली तर तू रिक्षानं ऑफिसला जाशील. माझी गाडी मोहोळजवळ बंद पडली, आत सहा म्हातारी माणसं होती. दुसरी गाडी बोलवून द्यावी लागली, भाडं गेलं, गिऱ्हाईक कायमचं गेलं. नवीन व्हॉल्व्हचा भाव विचारून ये कंपनीत. हप्ता तू भरणारेस का? नॉक्स का फॉक्स मला दिसत नाही, हप्त्याची तारीख दिसते."

माझ्याकडे उत्तर नव्हतं. वहिनींनी विषय बदलला म्हणून भांडण वाढलं नाही.

पण मी त्यावर बराच विचार केला. दादा चुकीचं बोलत नव्हता. त्याच्यासारख्या माणसाला 'पर्यावरण वाचवा' म्हणून उपदेश करणं सोपं आहे. व्हॉल्व्ह खराब होतो, नवा महाग मिळतो, साध्या गॅरेजमध्ये नीट स्कॅनर नसतो, कंपनीच्या सर्व्हिसला गेलं तर 'असेंब्ली बदला' याशिवाय दुसरं बोलत नाहीत. आणि पत्रा मारला तर पीयूसी आणखी छान येते! अशा व्यवस्थेत शहाणा माणूस काय करणार? पत्राच मारणार. आपण चुकीचं केलं की बक्षीस आणि बरोबर केलं की भुर्दंड, असा हा सगळा कारभार आहे.

म्हणून माझं म्हणणं दोन भागांत आहे. एक आपल्यासाठी, एक सरकार आणि कंपन्यांसाठी.

आपल्यासाठी. ईजीआरचा दिवा लागला की लगेच पत्रा म्हणू नका. मेकॅनिकला या क्रमानं बघायला सांगा:

१) स्कॅनरनं नेमका कोड बघा आणि लिहून घ्या. नुसता खोडून परत पाठवू देऊ नका.
२) एअर फिल्टर. आपल्या धुळीत पुस्तकातल्या किलोमीटरपेक्षा लवकर बदलावा लागतो.
३) हवा मोजणारा सेन्सर. त्याच्यासाठीचा खास स्प्रे मिळतो, त्यानंच साफ करा. कापड, बोट लावू नका.
४) टर्बोचे होज आणि व्हॅक्यूमच्या बारीक नळ्या. हात फिरवून खालच्या बाजूनं बघा. तेलाचा ओला डाग दिसला की तिथं चीर शोधा.
५) काळा धूर जास्त असेल तर इंजेक्टरची तपासणी.
६) मग ईजीआर खोलून साफ करा. व्हॉल्व्हचा इलेक्ट्रिकचा भाग केमिकलमध्ये बुडवू नका. गॅस्केट नवीनच टाका. इनटेकही साफ करा, नाहीतर अर्धं काम होतं.
७) कूलंट कमी होत असेल आणि पांढरा धूर येत असेल तर ईजीआरचा कूलर फुटलाय का बघा. ते दुखणं दुर्लक्ष करण्यासारखं नाही, इंजिन जाईल.

आणि एक: इंजिन चालू ठेवून इनटेकमध्ये भसाभस क्लीनर मारायचे व्हिडिओ बघून घरी प्रयोग करू नका. डिझेल इंजिन त्याच क्लीनरवर पळत सुटू शकतं आणि मग चावी काढली तरी थांबत नाही.

काजळी होऊच नये म्हणून: ऑइल वेळेवर आणि सांगितलेल्याच ग्रेडचं. गाडी रोज दोन-तीन किलोमीटरच फिरत असेल तर आठवड्यातून एकदा तरी हायवेला वीस-पंचवीस मिनिटं गरम इंजिनावर जरा मोकळी चालवा. उगाच उभ्या उभ्या इंजिन चालू ठेवू नका. आणि खरं सांगायचं तर, दिवसाला पाच किलोमीटर फिरणाऱ्यानं डिझेल गाडी घेऊच नये. ईजीआरच्या निम्म्या तक्रारी तिथूनच सुरू होतात.

सरकार आणि कंपन्यांसाठी. पीयूसी सेंटरवर गाडीचा चेक इंजिन दिवा चालू आहे का, एवढं तरी बघा. गाडीच्या कॉम्प्युटरला स्कॅनर जोडून कोड वाचणं दोन मिनिटांचं काम आहे आणि ते यंत्र आज साध्या गॅरेजवाल्याकडे असतं. टुरिस्ट गाड्यांना फिटनेससाठी आरटीओत यावंच लागतं, तिथून सुरुवात करा. पण आधी सहा महिने नुसती सूचना द्या, दंड नको. लोकांना दुरुस्त करायला सवड द्या. कंपन्यांनी जुन्या गाड्यांचे ईजीआर व्हॉल्व्ह, कूलर वाजवी दरात मिळतील असं बघावं, कारण प्रदूषण रोखणारा भाग परवडत नसेल तर तो टिकणारच नाही. आणि महापालिकेनं हवेचे आकडे चौकात लावताना धुळीबरोबर नायट्रोजन डायऑक्साइडचा आकडाही लोकांना कळेल असा लावावा. न दिसणारी गोष्ट दिसली की माणूस विचार करतो. मी पीयूसीचा कागद बघूनच विचारात पडलो होतो.

काही जण म्हणतील, एवढं कशाला, जुन्या डिझेल गाड्या भंगारातच काढा. दिल्लीत दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर बंदीचा प्रयोग वर्षानुवर्षं चाललाय. आपल्याकडे खासगी गाडीला पंधरा वर्षांनी पर्यावरण कर भरून, तपासणी करून नोंदणी वाढवता येते. माझ्या गाडीला २०२७ मध्ये पंधरा वर्षं होतील. मला ती चालवायची आहे, नवी घेण्याची ऐपत आज नाही. आणि मला वाटतं, जुनी गाडी चालवायचा हक्क मागायचा असेल तर ती नीट ठेवायची जबाबदारीही घ्यावी लागेल. आपणच पत्रे मारत राहिलो तर उद्या सरसकट बंदी आली की बोलायला तोंड राहणार नाही.

दादाचं काय झालं ते सांगून थांबतो. गेल्या महिन्यात त्यानं स्वतःहून फोन केला. "तुझ्या त्या चाचांकडे वेळ आहे का विचार. लाल गाडी पिकअप घेईना. पत्रा असूनपण." चाचांनी बघितलं, होज फाटलेला. होज बदलला, व्हॉल्व्ह साफ केला, पत्रा काढला. ती गाडी सध्या नीट चालतेय. दुसऱ्या गाडीचा पत्रा अजून तसाच आहे. दादा म्हणतो, ही एक दिवाळीपर्यंत टिकली तर दुसरीचं बघू. मी जास्त ताणलं नाही.

तुमच्या गाडीला पत्रा आहे का? असेल तर लाजू नका, मीही त्यातलाच. कमेंटमध्ये लिहा: का मारला, आधी काय काय तपासलं होतं, किती खर्च आला. कुणाच्या माहितीत ईजीआर नीट साफ करून देणारा मेकॅनिक असेल तर तेही सांगा, सगळ्यांच्या उपयोगी पडेल. आणि ज्यांना माझं पटत नाही त्यांनी जरूर भांडा, फक्त मुद्द्यावर.

आणि काही नाही तरी एवढं करा. उद्या शाळेच्या गेटवर थांबाल तेव्हा इंजिन बंद करा. त्याला मेकॅनिक लागत नाही, खर्चही नाही.